व्हायोलाची सुट्टी

कार्निव्हल लागला की अख्खं व्हिएन्ना नाचायला निघायचं आणि वेंझेल क्रातोख्विल घरी बसायचा. नाचाच्या संगीतात व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा मोठा, मधल्या सुराचा भाऊ, नसतो, ही तिथली रीतच. वर दोन व्हायोलिनं, खाली बास, जोडीला फुंकायची वाद्यं. मधल्या सुरावाचून नाचणाऱ्यांच्या पायांचं काय अडणार? वर्षभर ऑपेरात व्हायोला वाजवणाऱ्या वेंझेलला त्या दिवसांत कुणी हिंग लावून विचारत नसे.

त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं. बाकीच्या बायकांचे वादक नवरे रात्र रात्र नाचाच्या बॉलला वाजवायला आणि आपला तेवढा घरी, म्हणून त्याची बायको रोझीना खूश असायची. ती क्रापफेन, म्हणजे कार्निव्हलचे गोड वडे, तळत नाचाची चाल गुणगुणायची. तो चुलीपाशी बसून त्या चालीखाली मनाचाच एक मधला सूर वाजवायचा.

"तू थांबलास तरी चालेल," ती चिडवायची. "मी थांबले की नाच संपला."

नाताळच्या आधी रोझीना गेली आणि घर खायला उठलं. त्या घरात एकट्याने कार्निव्हल काढायची त्याला भीती वाटत होती. म्हणून तो नाचाच्या संगीताच्या तालमीला जाऊन, पहिल्या व्हायोलिनवर बसून सगळ्यांना चालवणाऱ्या डोर्फलाइटनरपुढे उभा राहिला. व्हायोलिनच्या जागा केव्हाच भरल्या होत्या.

"बासच्याच कागदावरून वाजवीन, वरच्या सप्तकात," तो म्हणाला. "नुसतं बसू दे मला."

डोर्फलाइटनर जुना दोस्त, त्याला नाही म्हणवेना.

वेंझेल इमानाने बासच्या मागे मागे वाजवत राहिला. पण रोझीना गुणगुणायची त्याच नाचाचा मधला, मवाळ भाग आला आणि त्याचा हात सवयीने घरच्या वाटेला लागला. पुढे पावलं मोजणारे नाचाचे मास्तर थबकले. हे मध्ये काय येतंय, पाय जड होतात, अशी त्यांनी तक्रार केली. सगळ्यांनी माना वळवल्या.

डोर्फलाइटनर उठून त्याच्या जवळ आला. "हे कुठून आणलंस? कागदावर तर नाही."

"घरचं आहे."

"सुंदर आहे रे. म्हणूनच नको. लोक नाचायचे सोडून ऐकत उभे राहतील."

वेंझेल घरी आला आणि गार चुलीपाशी बसून तोच सूर वाजवू लागला. चालीवाचून तो अगदीच उघडा वाटत होता. मधला भाग संपला. आता रीतीप्रमाणे नाच पुन्हा पहिल्यापासून. ती सुरुवात रोझीना करायची. तो गज उचलून वाट बघत राहिला. मग त्याने घोगऱ्या आवाजात तिची चाल स्वतःच धरली. पण गायला लागला की हात थांबे आणि हात चालला की गाणं थांबे. दोन्ही एकदम काही जमेना.

शेवटी त्याने व्हायोला मांडीवर आडवा ठेवला आणि तिचीच चाल गात राहिला.