ताईच्या गाडीचा तिसरा दिवा

आमच्या चहाच्या गावात बारा वाजले की धुकं उतरतं, आणि नेमकी तेव्हाच माझी थोरली बहीण युएह-चिन पानं खुडणाऱ्या बायकांचे डबे घेऊन मळ्यावर निघते. वय सदुसष्ट, मोटारसायकल जुनी, एकशे पंचवीस सीसीची. मागच्या महिन्यात धुक्यात न दिसल्यानं एका ट्रकनं तिला रस्त्याकडेच्या गटारात घातलं. हाडं शाबूत राहिली, पण तिचा मुलगा छुन-नान तायचुंग शहरातून फोनवर म्हणाला, "रविवारी येतो. गाडीची किल्ली घेऊनच परत जाणार." ताईला हात गेला तरी चालेल, किल्ली जाता कामा नये.

गाड्या दुरुस्त करण्यात माझी चाळीस वर्षं गेली. मी पाच-पाच वॅटचे दोन पिवळे दिवे काढले. तेवढे जुन्या बॅटरीला झेपतात, आणि हे दिवे काही रस्ता दाखवायला नसतात, आपण समोरच्याला दिसावं म्हणून असतात.

"दोन कशाला?" ताई म्हणाली. "मोठा एक, हे दोन, म्हणजे तीन झाले. आपल्यात विषम आकडा मयताला, शुइ-मू. लग्नाच्या पाकिटात कधी तीन घातलेस का?"

"मग एकूण चार करू?"

"चार? 'चार' म्हटलं की 'मरण'च ऐकू येतं. मला लगेच पोचवायचंय का तुला? एकच लाव. दोन होतील, जोडी होईल."

तिच्यापुढे माझं कधी चाललंय? मोठ्या दिव्याच्या शेजारीच एक छोटा बसवून दिला. चूक तिथंच झाली. चाळीस वर्षांचा अनुभव जणू गहाण ठेवला होता मी.

गुरुवारी मी खाली च्यायी शहरातून टायर घेऊन छोटा ट्रक हाकत वर येत होतो. धुकं दाट. समोर शेजारी-शेजारी दोन मिणमिणते दिवे दिसले. दिवे इतके जवळ-जवळ, म्हणजे एखादी मोटार, पार लांब पुलापलीकडे असेल, असं वाटलं. निवांत रस्त्याच्या मधून चाललो होतो. दुसऱ्याच क्षणी त्या दिव्यांमागं हेल्मेट दिसलं, वीस पावलांवर. मी ब्रेकवर उभाच राहिलो. ताई चहाच्या झुडपात घुसली आणि भात, बांबूचे कोंब, मांस सगळं मातीत गेलं.

मी उतरून धावत गेलो. ती कोंब वेचत म्हणाली, "अकरा बायका उपाशी राहणार आता. आणि हे बघ, छुन-नानला सांगायचं नाही."

"ताई, मला ती मोटार वाटली. लांबची."

ती रिकामा डबा झटकू लागली. मी तिथंच, धुक्यात उभं राहून सांगितलं, "आता तीन दिवे बसतील. नाहीतर किल्ली मीच काढून घेतो."

"मयताचा आकडा."

"मयत आत्ताच होत होतं."

संध्याकाळी तिनं गुपचूप गाडी माझ्या दुकानात आणून लावली. मी मोठा दिवा वर मधोमध ठेवला. छोटे दोन्ही खाली, इंजिनाच्या गार्डवर, जितके लांब-लांब बसतील तितके बसवले आणि तोंडं जराशी खाली वळवली, कुणाच्या डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून. दुसऱ्या दिवशी वळणावर उभा राहून पाहिलं. धुक्यात तीन ठिपक्यांचा त्रिकोण येत होता आणि तो मोटारसायकलचाच होता, दुसऱ्या कशाचा वाटत नव्हता.

रविवारी छुन-नान थेट दुकानातच आला. पाठोपाठ ताईही डबे देऊन आली. "मामा, कमाल केलीत," तो म्हणाला. "खालच्या वळणावर आई समोरून आली. लांबूनच कळलं दुचाकी आहे. मी बाजूला थांबलो, ती गेली. राहू दे तिची किल्ली."

ताईचा चेहरा फुलला. इथं मी गप्प बसलो असतो तर सगळं गोड झालं असतं. पण ते कौतुक मला गिळवेना.

"गुरुवारी मीच तिला उडवणार होतो," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

ताईनं माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. छुन-नाननं दिव्यांकडे पाहिलं, मग आईकडे. "निघताना एक फोन करायचा," तो म्हणाला. "पोचल्यावर दुसरा. ज्या दिवशी चुकेल, त्या दिवशी मी किल्ली न्यायला येईन."

किल्ली तिच्याच मुठीत राहिली. माझ्याशी मात्र ती आज पाच दिवस बोललेली नाही. दुकानावरून जाते, मान वळवत नाही. जाऊ दे. रोज बारा वाजता समोरून जाते, तेवढं मला पुरे आहे.