दोन खाचांची पुली

दुर्गेश्वरीने बोनेटला काठी लावली, आत वाकून कंप्रेसरच्या पुलीवर बोट ठेवलं आणि ती फिरवली. पुली गरगर फिरली. तिला धरून ठेवणारं काहीच नव्हतं.

"हे पाहा," ती म्हणाली. "बेल्ट कुठी हाय याचा?"

खेमराज मिस्त्री एका ट्रॅक्टरखालून बाहेर आला. चिंधीला हात पुसत त्याने आधी तिच्याकडे, मग बोनेटखाली पाहिलं.

"बेल्ट नाही लावला," तो म्हणाला. "लागते कुठी?"

"तुम्ही 'सब ओके' म्हणून गाडी देली मले."

"ओकेच हाय ना मॅडम. इंजिन मक्खन चालून रायलं."

"आन एसी?"

"दवनीवाड्याच्या गाडीले एसी कायले पाहिजे? धानाचे पोते थंडे करून नेता का मंडीत?"

गॅरेजच्या बाकावर तिघे जण बसले होते. ट्रॅक्टरचा मालक आणि त्याचे दोन सोबती, क्लचप्लेट बसायची वाट पाहत. तिघेही हसले. त्यातला एक तर चहा सांडेपर्यंत हसला.

दुर्गेश्वरीच्या बोलेरोचं जुनं इंजिन चैत्रात कायमचं बंद पडलं होतं. खेमराजने त्याच्या जागी एका मोडीत निघालेल्या पिकअपचं इंजिन टाकलं. त्या पिकअपला एसी नव्हता. त्यामुळे इंजिनाच्या पुढच्या पुलीला एकच खाच होती. त्या खाचेतल्या बेल्टवर पंखा आणि डायनमो चालत. एसीचा बेल्ट जायला दुसरी खाच लागते. ती खाच असलेली पुली जुन्या इंजिनावर होती. ती काढून नव्यावर चढवायची, कंप्रेसर तिच्या सरळ रेषेत आणायचा आणि बेल्ट ताणायचा, एवढं काम होतं. खेमराजने ते केलं नाही. जागा रिकामी दिसू नये म्हणून कंप्रेसर मात्र बोल्ट आवळून बसवून दिला.

"विचारलं होतं का कोणाले?" दुर्गेश्वरीने विचारलं.

"तुमचे सासरे, बुढेबाबा, आले होते ना जुनं सामान नेवाले. त्यायच्यासमोरच सारं झालं. काही बोलले नाही."

"गाडी माह्या नावावर हाय. चालवून मी रायली. पैसे देवाले माह्याकडे आले, मंग विचाराले काऊन नाही आले?"

"अरे, एसीनं इंजिनवर लोड येते. डिझेल खाते. तुमच्या भल्यासाठीच..."

"माह्या भल्याचं तुम्ही पाहू नका."

एका वाक्यात सांगता आलं असतं. सासूच्या किडन्या गेल्या आहेत, आठवड्यातून दोनदा गोंदियाला डायलिसिसला आणावं लागतं, असं म्हटलं असतं तर बाकावरचं हसणं तिथेच थांबलं असतं. दुर्गेश्वरीने ते सांगितलं नाही. गाडीत होती ती वस्तू गाडीत परत मागायची, तर त्यासाठी घरातलं दुखणं या तिघांपुढे मांडायचं? तिने बोनेटची काठी घट्ट धरली.

"जुनी पुली लावून द्या. आज."

"आना, लावून देतो."

"आना म्हंजे? तुमच्याचकडे हाय."

"माह्याकडे कुठी? जुनं सारं सामान पोत्यात भरून बुढेबाबाले देलं. पुली होती त्यात. मी माह्या हातानं टाकली."

"पोतं मी काल आंगणात ओतून पायलं. त्यात पुली नाही."

"मंग मी काय गिळली का?"

"विकली असंल."

खेमराजच्या हातातली चिंधी थांबली. बाकावरच्या तिघांचं हसणंही थांबलं.

"मॅडम, जबान संभालके," तो म्हणाला.

"चोराले चोर म्हटलं तर जबान सांभाळाची कोणी?"

तिने बोनेट आपटलं आणि गाडी चालू केली. खेमराज काहीतरी बोलला, ते तिने इंजिनाच्या आवाजात ऐकलं नाही. बाकावरच्यांना मात्र तिचं 'चोर' म्हणणं नीट ऐकू आलं होतं, हे आरशातल्या त्यांच्या चेहऱ्यांवरून तिला दिसलं.

दवनीवाड्याला परतीच्या वाटेवर काचा खाली होत्या. मे महिन्याचा वारा तव्यावरून उठल्यासारखा तोंडावर येत होता. दोन्ही बाजूंच्या बांध्यांत उन्हाळी धान कापलेलं होतं आणि धसकटं उन्हात पांढरी पडली होती. गाव येईपर्यंत तिची जीभ टाळूला चिकटली. तहान लागली की तिला सासू आठवे. गेल्या वर्षापासून हे असंच झालं होतं.

सुमित्राबाईंना दिवसाचं पाणी सकाळीच एका बाटलीत भरून दिलं जाई. रात्रीपर्यंत तेवढंच. जास्त प्यायल्या की ते पाणी अंगात साचे, छातीत चढे. एसी त्यासाठी होता. थंड गाडीतून गेलं की ओठ सुकत नसत, बाटली पुरत असे. हे गावाला कोण सांगणार? शेजारची मंदाबाई तर फाटकात उभी राहून म्हणालीच होती, "सासूले थंड्या हवेत फिरवून रायली वो. आमच्या नशिबी बांधावरचा वाराच बरा."

सोमवारी, गाडी दुरुस्त होऊन आल्यावरच्या पहिल्याच फेरीत, दुर्गेश्वरीने एसीचं बटण दाबलं, दिवा लागला आणि भट्टीसारखी हवा आली.  गोंदियात पोचेपर्यंत सुमित्राबाई नुसत्या ओठांवरून जीभ फिरवत राहिल्या. दवाखान्याच्या फाटकाशी पाणपोई होती. दुर्गेश्वरी गाडी लावून येईपर्यंत त्यांनी ग्लासामागून ग्लास रिकामे केले. डॉक्टरने सगळ्या वॉर्डासमोर दुर्गेश्वरीला झापलं. "तुम्हाला कळत नाही का? आवरता येत नाही का पेशंटला?" ती ऐकून घेत उभी राहिली. खेमराजचं नाव डॉक्टरला सांगून काय उपयोग होता?

उद्या सकाळी पुन्हा जायचं होतं.

घरी आल्यावर तिने पोतं पुन्हा आंगणात ओतलं. फिल्टरचे डबे, फाटके होज, जुना स्टार्टर, गंजलेले बोल्ट, तेलाने काळी झालेली एक ब्रॅकेट. पायाने एकेक वस्तू बाजूला सारली. पुली नव्हती. नव्हतीच.

ओसरीतल्या खाटेवर सुमित्राबाई बसल्या होत्या. सासरे गोवर्धन, ज्यांना ती मामाजी म्हणे, शेतावर गेले होते. नवरा प्रफुल रायपूरला कारखान्यात, तो शनिवारशिवाय येत नसे.

"काय शोधून रायली वो एवढं?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"काही नाही आत्याबाई."

"काही नाही तर आदळआपट कायची?"

"त्या मिस्त्र्यानं सामान चोरलं. उद्याही गरम हवेतच जा लागते. चार लोकाइसमोर दात काढते वरून. मीही सोडलं नाही, चोर म्हणून आली तोंडावर."

"बरं केली," सुमित्राबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "खरंच चोरलं ना पण?"

दुर्गेश्वरीने रिकामं पोतं बाजूला फेकलं. तिचा घसा कोरडा पडला होता. या घरात सुमित्राबाईंच्या समोर कोणी पाणी पीत नसे. तसं कोणी ठरवलं नव्हतं. पण सगळे स्वयंपाकघरात जाऊन, फ्रीजच्या आडोशाला उभे राहून पीत, आणि ग्लासही हळूच ठेवत. आज संतापात ती सरळ ओसरीच्या कोपऱ्यातल्या माठाकडे गेली. तो माठ गोवर्धन यांचा. त्यांना फ्रीजचं पाणी चालत नसे. माठाला ओलं पोतं गुंडाळलेलं होतं, त्याचं टोक झाकणावर दुमडलेलं. तिने ते टोक ओढलं.

लाकडी झाकणावर पुली होती. दोन खाचांची. वरची ग्रीस पुसलेली, कडेला ओलाव्याने धरलेला तांबूस गंज.

"हळू उचल," मागून सुमित्राबाई म्हणाल्या. "जड हाय ते."

दुर्गेश्वरी वळली.

"तुह्या मामाजीइले ठेवाले सांगतलं मी," सुमित्राबाईंनी डावा हात पदराखाली ओढला. डायलिसिसच्या सुया लागायच्या त्या हाताने त्यांना वजन उचलायची मनाई होती. "त्या लोखंडाच्या पोत्यात हेच दिसलं वजनी. एका हातानं उचलत नाही माह्यानं. दुपारी तुम्ही कोणी नसता आन हा माठ इथीच समोर असते. हात जातेच पाण्याकडे. मी काय दगड हावो का?"

 माठातून पाझरलेलं पाणी खालच्या तिवईवर टपटपत होतं. दोघींनाही ते ऐकू येत होतं.

"कामाचं हाय का ते?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"हो."

"मंग ने ना. पण तिथी दुसरं काही ठेवून जा."

दुर्गेश्वरीने दोन्ही हातांनी पुली उचलून खाटेच्या पायाशी ठेवली. आतून वरवंटा आणून झाकणावर आडवा टाकला. सुमित्राबाई उठल्या, माठापाशी आल्या. उजव्या हाताने वरवंटा उचलून त्यांनी तो परत ठेवला.

"हा उचलते मले," त्या म्हणाल्या.

दुर्गेश्वरी आंगणात गेली. पसरलेल्या लोखंडातून तिने जुना स्टार्टर उचलला, चिंधीने पुसला आणि झाकणावर नीट बसवला. गडगडू नये म्हणून दोन्ही बाजूंना विटेचे तुकडे लावले. सुमित्राबाईंनी हात लावून पाहिला. जोर केला. स्टार्टर हलला नाही. त्यांनी मान डोलावली आणि त्या खाटेवर जाऊन बसल्या. दुर्गेश्वरीने ओलं पोतं पुन्हा त्यावर ओढलं. ती स्वतः पाणी न पिताच बाहेर आली.

पुली तिने गाडीत शेजारच्या सीटवर ठेवली. मग फोन लावला. बऱ्याच वेळाने खेमराजने उचलला.

"आता काय राहिलं म्हनाचं?" तो म्हणाला.

"पुली सापडली."

पलीकडे कुठेतरी हातोडा वाजत होता. तो थांबला.

"कुठी?"

"घरीच होती."

"बरं," खेमराज एवढंच म्हणाला. तेही तिला टोचलं. त्याने शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं.

"तुम्ही न विचारता एसी बंद केला, त्याच्यावरचं भांडण माहं सरलं नाही," ती म्हणाली. "ते मी आल्यावर करतो."

"करा."

"ते ट्रॅक्टरवाले तिघं हायेत का अजून?"

"हायेत. बसून रायले बाकावर. काऊन?"

दुर्गेश्वरीने चावी फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात चालू झालं.

"मी येईपर्यंत त्यायले जाऊ देऊ नका," ती म्हणाली.