भोपळ्याची सीट

"फ्लॅप, एक खाच," काड्या बोलून गेला आणि लगेच त्याने जीभ चावली. उजवीकडची सीट रिकामी होती.

वर्षानुवर्षं तिथे भोपळ्या बसायचा. दोघांची वाटणी ठरलेली. विमान ढगात शिरलं की काड्याने फक्त समोरच्या यंत्रांच्या काट्यांकडे बघायचं, बाहेर डोकावायचंसुद्धा नाही. बाहेर बघायचं भोपळ्याने, आणि दोन सीटांमधला दांडा ओढून फ्लॅप उतरवायचे तेही त्यानेच. फ्लॅप म्हणजे पंखांच्या मागच्या झडपा. त्या खाली केल्या की विमान सावकाश आलं तरी हवेत टिकतं. महिन्यापूर्वी भोपळ्या झोपेतच गेला. पार्सलांच्या विमानाला दोन माणसं कशाला, म्हणून मालकाने नवा माणूस दिलाच नाही.

त्यानंतर काड्या दोनदा धुक्यामुळे माल घेऊन परत फिरला होता. "कॅप्टन, आता पुन्हा असं झालं तर तुम्ही घरीच बसा," मालक हसत म्हणाला होता, पण ते हसणं काही खरं नव्हतं. घरी बसून काड्या करणार काय? लग्न कधी मनावर घेतलं नाही, आणि पोटातलं बोलायला जो एक माणूस होता तोही गेला.

त्याने स्वतःच दांडा एक खाच ओढला. काचेबाहेर सगळं पांढरंफटक. काटे मात्र शहाण्या मुलांसारखे मधोमध उभे होते. विमान उतरत होतं. एका ठरलेल्या उंचीपर्यंत यायचं, आणि तिथे धावपट्टी दिसली नाही तर मुकाट्याने पुन्हा वर जायचं, असा नियम. त्या उंचीपर्यंत आता थोडंच अंतर राहिलं होतं.

एकाएकी विमानाचं नाक जरासं उचललं गेलं. काड्याचा एक हात सुकाणूवर होता, दुसरा इंजिनाच्या दांडीवर. फ्लॅपचा दांडा दुसऱ्या खाचेत होता.

आपणच ओढला असेल, नकळत, असं त्याने स्वतःला बजावलं. तेवढ्यात हेडफोनमध्ये खाकरल्याचा आवाज आला.

"दिसली रे काड्या. सरळ समोर आहे. ये खाली."

तोच आवाज, तंबाखूने बसलेला. काड्याला भीती वाटायला हवी होती, पण त्याला रडू फुटलं. किती दिवसांनी कोणी त्याला त्या नावाने हाक मारली होती!

"खरंच?" त्याने विचारलं.

"मी कधी खोटं बोललोय का लेका? पूर्ण फ्लॅप दे आणि ये."

भोपळ्या या बाबतीत कधीच खोटं बोलला नव्हता. ठरलेली उंची आली. काड्याने मान वर केली. समोर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं.

"नाही रे," तो म्हणाला. "माफ कर मला."

त्याने इंजिनाला पूर्ण जोर दिला. फ्लॅप एकदम मिटले तर विमान दगडासारखं खाली बसतं, म्हणून एक खाच सोडली, विमान चढायला लागलेलं पाहिलं, मग दुसरी. त्याच क्षणी खालचं धुकं फाटलं आणि बरोबर पोटाखाली धावपट्टी दिसली, दिव्यांसकट, लखलखीत. क्षणभरच. मग पुन्हा पांढरं.

तो माल घेऊन परत आला. मालक हँगरच्या दारातच उभा होता.

"कॅप्टन, तिकडच्या धावपट्टीवरच्या लोकांना खालून तुमचं विमान दिसत होतं म्हणे. मग तुम्हाला धावपट्टी कशी दिसली नाही?"

नाही दिसली, एवढं म्हणून भागलं असतं.

"मला नाही दिसली," काड्या म्हणाला. "भोपळ्याला दिसली."

मालकाच्या चेहऱ्यावरचा रागच उतरला. "कॅप्टन, तुम्ही घरी जा. आराम करा," तो हळूच म्हणाला.

"जातो. पण माझ्या जागी जो येईल त्याला एकटा पाठवू नका. उजवीकडे जिवंत माणूस बसवा."

"बसवतो," मालक म्हणाला.

हेडफोन घ्यायला काड्या पुन्हा विमानात चढला. उजव्या सीटचा पट्टा भोपळ्याच्या पोटाच्या मापाला सैल सोडलेला होता, कोणी त्याला हात लावला नव्हता. काड्याने त्या सीटवर बसून तो मांडीवर घेतला आणि ओढून ओढून साधारण माणसाच्या मापाचा केला.