निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह

आरोग्यकेंद्राच्या प्रयोगशाळेला दर्जाचा चौथा तारा मिळाला, त्या दिवशी ती सांभाळणाऱ्या अकुल्लूने बकरी कापायला लावली. सहा वर्षं जीव आटवला होता बाईने त्यासाठी. दानात आलेलं मोठं यंत्र रसायनांविना आठ महिने फडक्याखाली झोपलं होतं, ते सोडा. पण काचेवरच्या रक्ताच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली मलेरिया ओळखण्यात अख्ख्या लिरा जिल्ह्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आणि उपयोग काय? ती ‘निगेटिव्ह’ लिहून पाठवायची आणि डॉक्टर ओदुर चिठ्ठी बाजूला सारून मलेरियाच्याच गोळ्या लिहायचा.

“ताप आहे ना? मग मलेरियाच. काच चुकली असेल तुमची.”

“माझी काच नाही चुकत. काहींची अक्कल चुकते!”

चार तारे बघून मात्र ओदुर वरमला. बाकावरच्या सगळ्या बायांसमोर त्याने जाहीर केलं, “सोमवारपासून मॅडमचा शब्द शेवटचा. निगेटिव्ह तर गोळ्या नाहीत.” बाया कुरकुरल्या. गोळ्या मिळत नाहीत तो दवाखाना कसला! अकुल्लूने एकेकीला समजावलं, दोघीतिघींना चांगलं दटावलं. तिचा शब्द आता कुठे चालायला लागला होता.

बुधवारी तिचीच तीन वर्षांची आवोर तापाने फणफणली.

अकुल्लूने काच केली. काही नाही. दुसरी केली, तिसरी केली. डोळे दुखेपर्यंत पाहिलं, एक जंतू दिसेल तर शपथ! तिने चिठ्ठीवर ‘निगेटिव्ह’ लिहिलं, सही ठोकली, मागच्या दाराने कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि मलेरियाच्या गोळ्या आणून पोरीला बाजरीच्या पेजेबरोबर पाजल्या. दुपारपर्यंत ताप उतरेना, तेव्हा तिला पाठीशी बांधून ती ओदुरसमोर उभी राहिली.

“मलेरियाची सुई द्या हिला.”

ओदुरने चिठ्ठी वाचली. “ही सही तुमचीच ना?”

“सही काय घेऊन बसलात! पोर भाजतेय माझी.”

“अहो मॅडम, तीन काचा पाहिल्यात तुम्ही. मी कोण शंका घेणारा?” तो टोमणा मारत नव्हता, हीच तर पंचाईत होती. त्याचा खरंच विश्वास बसला होता. गोळ्या लिहायच्या नाहीत म्हटल्यावर बिचाऱ्याला पोरीला तपासावं लागलं. पोट दाबलं, घसा बघितला, मग कान. आवोर किंचाळली.

“पू झालाय आत. कानाचा ताप आहे हा. औषध देतो, उतरेल.”

अकुल्लूला रडूच फुटलं. तिच्या काचेने पोरीला वाचवलं होतं, आणि तिला सोडून सगळ्यांनी त्या काचेवर विश्वास ठेवला होता.

ओदुरने पेन उघडलं. “आधी काही औषध दिलंत?”

बाकावर पहिल्याच जागी एक म्हातारी तापलेल्या नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या हातात अकुल्लूच्या सहीची निगेटिव्ह चिठ्ठी होती. ‘नाही’ म्हणणं किती सोपं होतं! पण पोटात गेलेलं औषध लपवलं आणि नव्या औषधाने काही भलतंच झालं तर?

“मलेरियाच्या गोळ्या,” ती हळूच म्हणाली. “आज सकाळी.”

ओदुरचं पेन थांबलं. प्रश्न आला तो म्हातारीकडून.

“काच बघायच्या आधी की नंतर, गं बाई?”

अकुल्लूने पोरीला छातीशी घट्ट धरलं.

“नंतर.”