दात येण्याची पूड

यंत्राने तिसऱ्यांदा तोच आकडा दाखवला. पुडीत शिसं होतं, पण मर्यादेच्या आत.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. औषध तपासणीच्या या प्रयोगशाळेत त्यांची बावीस वर्षं गेली होती. त्यातली सोळा या एका डबीची वाट बघण्यात; निरीक्षकांनी आणलेलाच नमुना इथे तपासता यायचा. डबीवर हसरं बाळ होतं आणि खाली लिहिलं होतं: दात येताना बाळाला द्या, शुद्ध वनस्पतींची पूड.

"काय आलं?" पलीकडच्या टेबलावरून साहेबांनी विचारलं.

"पास," बाई कशाबशा म्हणाल्या.

साहेबांनी पुन्हा कागदांत डोकं घातलं. पेन बाईंच्या हातात होतं. दशांशाचं एक टिंब इकडचं तिकडे केलं असतं, तर पुडीवाल्याचं दुकान संध्याकाळपर्यंत बंद झालं असतं. पण खोट्या आकड्यावर तो कोर्टात सुटला असता, आणि तो सुटायला नको होता. त्यांनी खरा आकडा लिहिला.

"साहेब, ही डबी नवी आहे. जुना माल तपासायला हवा. निरीक्षकांना म्हणावं, लांबच्या दुकानांत बघा."

"त्या माणसाशी तुमचं काही वैर आहे का हो?" साहेब हसत म्हणाले.

"आहे."

साहेबांचं हसू मावळलं. पण त्यांनी निरीक्षकांना चिठ्ठी पाठवली.

दीड महिन्याने जुन्या डब्या आल्या. शिसं मर्यादेच्या चाळीस पट. पुडीला रंग यावा म्हणून घातलेली लाल माती शिशाने भरलेली होती. बाईंनी प्रत्येक आकडा दोनदा पडताळून अहवाल लिहिला. पुडीवाल्याचा परवाना गेला. त्या दिवशी बाई पोटभर जेवल्या.

आठवड्याने पुडीवाला स्वतःच प्रयोगशाळेत आला. अर्धं शहर त्यांना काका म्हणायचं. सत्तरी उलटलेली, परीटघडीचा पांढरा सदरा, मधाळ आवाज. बाईंना त्यांनी ओळखलं नाही. ओळखणार तरी कसे? रडकं बाळ कडेवर घेऊन दुकानात आलेल्या शेकडो बायकांतल्या त्या एक. 'मधातून चाटव, पोरगी कशी टवटवीत होते बघ,' असं ते म्हणाले होते, आणि चार महिने बाईंनी रोज आपल्या बोटाने पूड चाटवली होती. त्या बोटाला त्यांनी अजून माफ केलं नव्हतं.

"बाई, झाडपाला कधी कुणाला बाधत नाही," काका म्हणाले. "ही पूड माझ्या वडिलांच्या हातची. तिच्यानं बिघडलेलं एक तरी पोर दाखवा मला."

बाईंनी पर्स उचलली. "चला."

घर दहा मिनिटांवर होतं. बाईंच्या आईने दार उघडलं आणि परका माणूस बघून ती बाजूला झाली. खिडकीपाशी बाईंची लेक चिमी बसली होती. सतरा वर्षांची, मान एका बाजूला कललेली, ओठ ओले.

"हिला दात वेळेवर आले," बाई म्हणाल्या. "बोलणं आलं नाही."

काकांनी बाईंकडे बघितलं. "मला खरंच माहीत नव्हतं गं, पोरी."

"मलाही नव्हतं. पण हिला रोज मी भरवते." त्यांनी मऊ भाताची वाटी काकांच्या हातात दिली. "आज तुम्ही भरवा."

चिमी परक्याच्या हातून घास घेत नसे. थुंकायची, ओरबाडायची, किंचाळून घर डोक्यावर घ्यायची. त्या पांढऱ्या सदऱ्याची झालेली दशा बाईंना डोळे भरून बघायची होती.

काका गुडघे टेकून बसले. त्यांनी चमचा भरला. "घे गं बाळा," ते म्हणाले, त्याच मधाळ आवाजात.

चिमीने आ केला. एक घास घेतला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग ती हसली आणि आपल्या ओल्या हाताने तिने काकांच्या गालावरचं पाणी चाचपून बघितलं.

"पुरे." बाईंनी वाटी हिसकावून घेतली. "निघा आता. परवान्यासाठी अपील कराल, तेव्हा मी तिथे असेन. हिला घेऊन."

"नाही करणार," काका म्हणाले, आणि भिंत धरत बाहेर पडले.

दार लोटून बाई चिमीसमोर बसल्या. अर्धी वाटी उरली होती. त्यांनी चमचा पुढे केला.

चिमीने तोंड मिटून घेतलं. ती दाराकडे बघत होती.