राउटरचं कवच

आमच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. शेजारपाजारचे सगळे आमच्या राउटरकडे डोळे लावून उभे होते. स्वतःला लहरगुरू म्हणवणाऱ्या फिरत्या विक्रेत्याने राउटरची वायर काढली, काहीतरी पुटपुटत त्यावर पितळी चकती चिकटवली आणि वायर परत लावली. दिवे लुकलुकले. सकाळपासून अडकलेला व्हिडिओ झरझर चालू लागला.

"आहाहा!" खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका ओरडले.

"हे लहरकवच!" गुरू म्हणाला. "वेग वाढवतं, चोर अडवतं. फायरवॉल काय, नुसती भिंत. भिंतीला भोक पडतं, कवचाला नाही! नवा राउटर घेऊन पैसे कशाला पाण्यात घालता?"

माझ्या लहानपणी रेडिओच्या तारेला लावायची तांब्याची कडी विकायला असाच एकजण आला होता. तेव्हा एका रेडिओभोवती सगळी गल्ली सरकून बसायची. ते दिवस गेले, कडीवाले तेवढे टिकले. वाद घालायचाही आता कंटाळा येतो. पण सुनेकडे पाहून गप्प बसवेना.

सून डॉक्टर. घरी बसून इस्पितळाचे एक्स-रे वाचते, म्हणून माझ्या तान्ह्या नातीला आई मिळते. जुन्या राउटरवर चित्रं अर्ध्यात अडकायची. "पुन्हा खोळंबा झाला तर इथे येऊन बसा," असं वरिष्ठांनी बजावलं होतं. राउटर कुठला, फायरवॉल कुठली, हे वाचून वाचून ती पार थकली होती. आता पाकीट उघडून उभी होती.

"अगं, नवं औषध आलं की तुम्ही डॉक्टर लगेच खरं मानता का?" मी विचारलं.

"नाही हो आई, आधी काहींना ते औषध आणि काहींना नुसती साखरेची गोळी देऊन..." ती थांबली. पाकीट मिटलं. "शिंपीकाका, तुमचंही नेट अडकतंय ना? चला तुमच्याकडे. गुरुजी, तिथे वायर काढायची नाही. नुसती चकती लावा."

"वायर काढल्याशिवाय लहर शुद्ध होत नाही, ताई."

"मग वेग चकती वाढवते की वायर?"

लोक हसले. गुरूला जावंच लागलं. काकांच्या राउटरवर चकती लागली. व्हिडिओ होता तिथेच. सुनेने चकती काढली, शिलाई मशीनवरचा खडू राउटरवर ठेवला, वायर काढून पुन्हा लावली. व्हिडिओ पळू लागला.

"काका, तुमच्या खडूत फार शक्ती आहे हो!"

"माझ्या स्पर्शाची लहर त्यात उतरली!" गुरू म्हणाला.

"तुम्ही हात तरी कुठे लावलात?" शिंपीकाकू फणकारल्या.

सून म्हणाली, "राउटर म्हणजे छोटा संगणकच. सतत चालू राहून तुंबतो. बंद करून लावला की थोडा वेळ मोकळा होतो, मग पुन्हा तेच."

"आणि चोर?" काकांनी विचारलं.

"आत काय येतंय ते चकतीला कुठे कळतं? फायरवॉल ते तपासते. ती बहुतेक राउटरमध्येच असते, चालू आहे ना ते पाहायचं. कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलायचा. आणि ज्या राउटरला कंपनी सुधारणा पाठवत नाही, तो बदलायचा. आमचा तसाच आहे."

नवा राउटर आला. नातीला मांडीवर घेऊन सून एक्स-रे वाचते. गुरू शेजारच्या इमारतीत गेला आणि आमच्यातलेच दोघे त्याच्यामागून चकत्या आणायला गेले! "असू द्या, आजी, चकतीने नुकसान काय?" म्हणाले.

नुकसान हे, की चकती लावणारा पासवर्ड बदलत नाही. दार उघडं टाकून निर्धास्त झोपतो. तेव्हा बाबांनो, कितीही थकला असाल तरी एवढं करा. कोणी दोन गोष्टी एकदम करून चमत्कार दाखवला, तर त्या एकेक वेगळ्या करून पाहा.