कटल्याचं डोकं

निपाणीच्या आप्पांनी आयुष्यभर वेदगंगेत गळ टाकला तो कालवणासाठी. त्यांच्या अजिंक्यनं बेंगळुरात, सर्जापूर रोडच्या फ्लॅटात राहायला आल्यावर, गळ हातात घेतला तो फोटोसाठी. हौसेला मोल नसतं म्हणतात. याच्या हौसेला लाइक होते, म्हणून तर ती वाढली.

आप्पा चार दिवस राहायला आले, तेव्हा रविवारी तो त्यांना आपल्या मासेमारी क्लबाच्या तळ्यावर घेऊन गेला. तिथला नियम कडक होता. मासा धरायचा आणि लगेच पाण्यात सोडायचा. ज्याच्या हातून मेला, त्याचं सदस्यत्व गेलं.

"मग धरायचा कशाला?" आप्पांनी विचारलं. अजिंक्य हसला, आणि कुणी ऐकलं तर नाही ना, हे पाहून घेतलं.

थोड्याच वेळात त्याच्या गळाला भला थोरला कटला लागला. मासा छातीशी धरून त्यानं आप्पांच्या हाती मोबाईल दिला. एक फोटो हलला. एकात ऊन आडवं आलं. एकात पोट फारच दिसत होतं, माशाचं नव्हे, अजिंक्यचं.

"सोड आता त्येला," आप्पा म्हणाले.

"एकच, आप्पा."

असे बरेच 'एकच' झाले. शेवटी सोडलेला मासा पोहलाच नाही. उताणा होऊन काठाशी तरंगत राहिला.

क्लबाचे सेक्रेटरी त्रिविक्रम सर तरातरा आले. "यारु माडिद्दु इदु?" कुणी केलं हे?

अजिंक्यच्या तोंडून इंग्रजीच बाहेर पडलं, आप्पांना कळू नये म्हणून. फादर गावाकडून आलेत, त्यांना नियम माहीत नव्हता, सॉरी. पण 'फादर' कळायला कुठली शाळा लागते? आप्पांनी एकदा लेकाकडे पाहिलं. मग सीमेवरच्या आपल्या कानडीत, हात जोडून म्हणाले, "तप्पायतु, सर." चूक झाली.

अजिंक्यला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सदस्यत्व वाचलं.

मेलेला मासा आप्पांनी टॉवेलात गुंडाळून घरी आणला. दारातच पवित्रानं विचारलं, "कुणाला लागला हो?" आणि या शहाण्यानं बायकोलाही तेच सांगितलं, "आप्पांना."

त्यांच्या घरची जुनी रीत होती: ज्याच्या गळाला मासा, डोकं त्याच्या ताटात. लहानपणी त्या डोक्यासाठी अजिंक्य रडायचा, पण आप्पांनी रीत कधी मोडली नव्हती. पवित्रानं कालवणातलं डोकं कौतुकानं सासऱ्यांना वाढलं.

आप्पांनी ते उचललं आणि अजिंक्यच्या ताटात ठेवलं.

"गळ त्येचा हुता, पोरी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पवित्रा नवऱ्याकडे बघत राहिली. अजिंक्यला मान वर करवेना. लाजेनं त्याचे कान तापले. "आप्पा, मी तिथं..." त्यानं कसंबसं सुरू केलं.

"काटं बघून खा," आप्पा म्हणाले.